रानवाटांचा आराखडा (भाग ४) : शेवटच्या पंपापासून पुढे

गेल्या आठवड्यात आपण मार्ग नक्की केला. बर्लिनहून फ्रँकफुर्टमार्गे विंडहुक, तिथून एतोशा, रुंडू, ओकावांगो नदीच्या कडेने बोत्सवानातलं मौन, मग मोरेमी, ख्वाई, सवुती करत कसाने आणि काप्रीवी पट्ट्यातून परत विंडहुक. हा चार आठवड्यांचा वळसा आहे. काळ जुलै-ऑगस्टचा, कारण बर्लिनच्या शाळांना तेव्हा सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी असते आणि तिकडे कोरडा हिवाळा. गवत वाळलेलं असतं, प्राणी पाणवठ्यांवर येतात, डास कमी असतात. आज या मार्गाचं दिवसवार वेळापत्रक करू.

आखणीची सुरुवात बहुतेक घरांत ‘काय काय पाहायचं’ या यादीने होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात उलट्या टोकाने करा. आधी नकाशावर खात्रीच्या जागांवर खुणा करा : इंधन कुठे मिळतं, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, आपल्या नावावर कॅम्पसाइट कुठे राखून ठेवली आहे. लांबच्या प्रवासात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात. दोन खुणांमधलं सगळं अंतर आपल्या जबाबदारीवर कापायचं असतं, आणि आखणी करायची ती त्या अंतराची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘सफारी’ म्हटलं की ताडोबा आठवतो. तिथे नोंदणी केलेली जिप्सी, स्थानिक चालक आणि मार्गदर्शक असतात. वेळ संपली की चालक गाडी गेटबाहेर आणतो. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचं सगळं क्षेत्र १,७२७ चौरस किलोमीटर आहे. एतोशा राष्ट्रीय उद्यान सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे स्टिअरिंग तुमच्याच हातात असतं. बोत्सवानातलं सेंट्रल कलहारी अभयारण्य तर ५० हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, म्हणजे विदर्भाच्या निम्म्याहून जास्त, आणि आत एकही पेट्रोल पंप नाही.

उजेडाचे अकरा तास

जर्मनीत आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजतो, कारण ऑटोबानवर किलोमीटर आणि वेळ यांचं नातं ठरलेलं असतं. रानात ते तुटतं. नामिबियातल्या खडीच्या रस्त्यांवर ताशी ८०च्या वर जाऊ नये. तिथले कितीतरी अपघात दुसऱ्या गाडीशी होत नाहीत. सुट्या खडीवर, वळणावर, वेगात असलेली एकटी गाडीच उलटते. मोरेमीतल्या वाळूत ताशी २० ते २५ किलोमीटर निघाले तरी चांगलं. सवुती ते कसाने अंतर दोनशे किलोमीटरच्या आतच आहे, पण त्यासाठी अख्खा दिवस धरायचा.

दिवसही लहान असतो. जुलैत बर्लिनला रात्री नऊनंतरही उजेड राहतो. मौनला मात्र सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अंधारात गाडी हाकू नये हा नियम सगळीकडेच पाळा : गावांजवळ रस्त्यावर गुरं आणि गाढवं बसलेली असतात, पुढे हत्ती आणि कुडू येतात. राष्ट्रीय उद्यानांत तर पर्यटकांना रात्री गाडी चालवायला बंदीच आहे. म्हणजे हाताशी अकरा तास राहिले. त्यातले दोन तंबू आवरायला आणि लावायला, एक जेवणाला, एक चाक बदलण्यासाठी किंवा रस्त्यात उभा असलेला हत्तींचा कळप बाजूला होईपर्यंत थांबण्यासाठी धरा. उरले सात. एका दिवसात सात तासांहून जास्त चालवणं येत असेल, तर तो दिवस दोन दिवसांत वाटा.

एक दिलासा आहे : उन्हाळ्यात जर्मनी आणि नामिबिया यांची घड्याळं एकच वेळ दाखवतात. तरीही रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी शहराबाहेर निघू नका. नामिबिया आणि बोत्सवानात गाडी डाव्या बाजूने चालते. पुण्या-नागपुरात गाडी शिकलेल्याला ते परत अंगवळणी पडेल, पण ज्याने परवाना बर्लिनमध्ये काढला त्याला पहिला दिवस विंडहुकमध्येच द्या.

डिझेलचा हिशोब

मौनमध्ये टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप थेट कसानेला. मोरेमी, ख्वाई, सवुतीमार्गे हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर धरा. पाच मुक्काम, आणि प्राणी पाहायला रोज सकाळ-संध्याकाळ मिळून ५० किलोमीटर फिरणं, म्हणजे आणखी २५०. एकूण ६५०. छतावर दोन तंबू लादलेली डबल कॅब गाडी वाळूत शंभर किलोमीटरला १८ लिटर सहज पिते. लागतील ११७ लिटर. त्यावर एक चतुर्थांश राखीव धरलं की १४६.

हायलक्सची टाकी ८० लिटरची. वीस-वीस लिटरचे तीन जेरी कॅन घेतले तर १४० होतात. सहा लिटर कमी पडतात. इथे ‘चालून जाईल’ म्हणू नये. एक तर चौथा कॅन घ्या, नाहीतर दुहेरी टाकीची गाडी मागा, किंवा रोजच्या फेऱ्या कमी करा. राखीव भागाला आखणीत हात लावायचा नाही. तो रस्ता चुकला, पाण्यामुळे मागे फिरावं लागलं किंवा अडकलेल्या दुसऱ्या गाडीला मदत करावी लागली तर वापरायचा असतो.

पाणी : सोबतचं आणि वाटेतलं

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. चौघांना सहा दिवसांचे १२० लिटर होतात, राखीव धरून १५०. आंघोळीला आणि भांड्यांना मोरेमीच्या कॅम्पसाइटवर बोअरचं पाणी मिळतं. सेंट्रल कलहारीत मात्र तेही धरू नका, तिथे माणशी आठ-दहा लिटर न्या. डाळ-तांदळाची खिचडी सोपी वाटते, पण धुणं, भिजवणं आणि कुकर घासणं मिळून ती पाणी खाते. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा आणि शेंगदाण्याची चटणी पाणीही वाचवतात आणि लाकडंही.

दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि डिझेलचे सव्वाशेच्या आसपास. हे वजन शक्य तितकं खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. छतावर चढवलं की खडीच्या वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

वाटेतल्या पाण्याचं कोडं वेगळं आहे. आपल्याकडे ओढ्याला पाणी वाढलं म्हणजे वर पाऊस झालेला असतो. ओकावांगोच्या खोऱ्यात जुलैत आभाळ निरभ्र असतं आणि पूर तेव्हाच भरात असतो. अंगोलाच्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस शेकडो किलोमीटरच्या सपाटीवरून संथ सरकत येतो आणि महिन्यांनंतर त्रिभुज प्रदेशात पसरतो. ही नदी समुद्राला मिळत नाही, कलहारीच्या वाळूतच जिरते. युनेस्कोने २०१४ मध्ये या प्रदेशाला आपल्या जागतिक वारसा यादीत हजारावं स्थान दिलं. आखणीसाठी यातून एवढं लक्षात ठेवा : कोरड्या मोसमात ख्वाईच्या वाटा पाण्याखाली असू शकतात. गावाकडे आपण पाण्यात उतरून, काठीने खोली पाहतो. तिथे मगरी आणि पाणघोडे असल्यामुळे उतरता येत नाही. म्हणून ज्या पाण्यातून दुसरी गाडी गेलेली पाहिली नाही, त्यात आपली घालायची नाही. गेटवर त्या दिवशीची स्थिती विचारा आणि लांबच्या वळशासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा.

वाळू आणि चाकातली हवा

वाळूत रुतलेली गाडी बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून रुतत नाही, चाकात हवा जास्त असल्यामुळे रुतते. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक खणत नाही. डांबरी रस्त्यावर सव्वादोन बार, खडीवर पावणेदोन ते दोन, खोल वाळूत सव्वा ते दीड, असा साधारण क्रम ठेवा. सव्वा बार म्हणजे आपल्या सवयीचे १८ पीएसआय. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. त्यासाठी कॉम्प्रेसर हवा, आणि स्टेपनी एक नाही, दोन.

उंच वाळलेल्या गवतातून जाताना दर तासाला थांबून गाडीखाली पाहा. सायलेन्सरच्या नळीवर अडकलेलं गवत पेट घेतं आणि गाडी काही मिनिटांत जळून जाते. रेडिएटरपुढे जाळी लावली तर गवताचं बी आत जात नाही.

कॅम्पसाइट आधी, तिकीट नंतर

बोत्सवानाच्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाचं आरक्षण हाती असल्याशिवाय राहता येत नाही. कॅम्पसाइट वेगवेगळ्या खासगी चालकांकडे आहेत, त्यामुळे प्रत्येकाशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. मोरेमीतलं थर्ड ब्रिज आणि सवुती आधी भरतात. त्यांच्या तारखा वर्षभर आधी मिळवा, बाकीचे मुक्काम त्यांच्याभोवती बसवा आणि विमानाचं तिकीट शेवटी काढा.

या जागांना कुंपण नाही. सिंह, तरस, हत्ती तंबूजवळून जातात. अंधार पडला की मुलांनी एकट्याने गाडीपासून दूर जायचं नाही, छतावरचा तंबू रात्री सोडायचा नाही, चपला-बूट बाहेर ठेवायचे नाहीत, कारण तरसं ते पळवतात. संत्री-मोसंबी घेऊ नका, हत्तींना त्यांचा वास दुरून येतो. हत्तींच्या वहिवाटेवर गाडी लावू नका. जंगलातलं सरपण गोळा न करता बाहेरच विकत घ्या. कच्चं मांस गुरांच्या रोगनियंत्रणाच्या कुंपणांवर काढून घेतलं जातं, म्हणून त्या टप्प्यात शाकाहारच ठेवा.

काप्रीवीचा पट्टा आणि बर्लिनचं देणं

परतीची वाट नकाशावर विचित्र दिसते : नामिबियातून पूर्वेकडे बोटासारखी निघालेली सुमारे साडेचारशे किलोमीटरची जमिनीची पट्टी. ती बर्लिनमध्ये आखली गेली. १ जुलै १८९० रोजी जर्मनी आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. जर्मनीने झांझिबारवरचे दावे सोडले, बदल्यात हेलिगोलँड बेट आणि झांबेझी नदीपर्यंतचा हा पट्टा घेतला. नदीवाटे हिंदी महासागर गाठायची आशा होती, पण पुढे व्हिक्टोरिया धबधबा होता. पट्ट्याला चॅन्सेलर लिओ फॉन काप्रीवी यांचं नाव मिळालं. २०१३ मध्ये नामिबियाने पूर्वेकडच्या प्रदेशाचं नाव बदलून झांबेझी केलं.

बर्लिनकराने हा प्रवास करताना याच्याही पुढचं माहीत करून घ्यायला हवं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्यांच्या कवट्या संशोधनाच्या नावाखाली जर्मनीत आणल्या गेल्या. शारिटे रुग्णालयाने त्यांतल्या २० कवट्या २०११ मध्ये नामिबियाला परत दिल्या. जर्मन सरकारने या हत्याकांडाला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला मे २०२१ उजाडला. वेडिंगमधल्या आफ्रिकानिशेस फीअर्टेल या भागातल्या ल्यूडेरिट्झस्ट्रासेला २०२२ मध्ये नामा नेते कॉर्नेलिउस फ्रेडेरिक्स यांचं नाव दिलं गेलं. निघण्याआधी मुलांना घेऊन तिथे एक चक्कर मारा. मार्गावरचं वॉटरबर्ग पठार १९०४च्या निर्णायक लढाईची जागा आहे. त्याच्याजवळून जाताना ते फक्त सुंदर लाल डोंगर म्हणून पाहू नये.

कागद आणि औषधं

बर्लिनच्या मराठी घरांत एका छपराखाली दोन देशांचे पासपोर्ट असतात. नियम प्रत्येकाला वेगळा लागतो. जर्मन नागरिकांनाही १ एप्रिल २०२५पासून नामिबियाचा व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्टधारकांनी नामिबियाच्या बर्लिनमधल्या दूतावासात स्वतंत्र चौकशी करावी आणि बोत्सवानाचं काम वेगळं करावं. एकाच देशात दोनदा शिरणार असाल तर व्हिसा तसा मागा. आपला वळसा नामिबियात दोनदा शिरतो. मुलांचा जन्मदाखला, जर्मन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना आणि गाडी सीमेपलीकडे नेण्यासाठी मालकाचं पत्र जवळ ठेवा.

जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा तिथे चालत नाही. परदेश प्रवासाचा वेगळा विमा घ्या आणि त्यात विमानाने हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. एतोशाच्या उत्तरेला आणि काप्रीवीत हिवताप आहे. कोरड्या मोसमात धोका कमी होतो, संपत नाही. प्रतिबंधक गोळ्या घरी परतल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवाव्या लागतात, त्यामुळे प्रवासवैद्यकाच्या डॉक्टरांना दीड-दोन महिने आधी भेटा.

मोरेमीत मोबाइल चालत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या आणि दिवसवार वेळापत्रकाची प्रत बर्लिनमधल्या एका भरवशाच्या माणसाकडे द्या. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा, हेही तिथेच लिहा.

या आठवड्यात एवढं करा : एका कागदावर आपल्या मार्गातला प्रत्येक पंप, पाण्याची प्रत्येक जागा आणि प्रत्येक कॅम्पसाइट लिहा, आणि दोन नोंदींमध्ये तास, लिटर, राखीव असे तीन आकडे भरा. जिथे आकडा भरता येत नाही, तिथे अजून माहिती मिळवायची आहे. हा कागद पूर्ण झाला की रानात मन मोकळं राहतं, आणि झाडाखाली बसलेल्या बिबट्याकडे तासभर पाहत थांबायची मुभा त्यातूनच मिळते.

पुढच्या भागात : विंडहुकला गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं, आणि भाडेकराराच्या विम्यातून काय वगळलेलं असतं.