पाठीवरचे पाचवे चाक

दिवाळीपासून आमच्या चिरंजीवांच्या गाडीचे मागचे दार सरळ लागत नाही. लागते, पण उचलून. एक हात मुठीवर, दुसरा दाराखाली आणि मग कमरेने एक ढकल. कऱ्हाडच्या आमच्या जुन्या घराचे पुढचे दार असेच होते. बिजागरीतून खाली उतरलेले, दर पावसाळ्यात फुगणारे. उंबऱ्याजवळच्या फरशीवर त्याने घासून घासून एक अर्धगोल कोरला होता. ते नेमके कुठे धरून उचलायचे हे घरातल्या प्रत्येकाला अंधारातही ठाऊक होते. पाहुण्यांना मात्र ते कधीच लावता आले नाही.

पण ते दार साठ-सत्तर वर्षांचे होते. ही गाडी तीन वर्षांची.

गाडी डोंगर-ओढ्यांतून जाणाऱ्या जातीची आहे. वर्षातले अकरा महिने ती पुण्यातल्या पुण्यात ऑफिसला जाते, ही गोष्ट वेगळी. या जातीच्या रिवाजाप्रमाणे तिची स्टेपनी मागच्या दारावर बसवलेली आहे. चिरंजीवांनी दिवाळीत बोनस मिळताच पाचही टायर बदलून मोठे, रुंद, खोल खाचांचे घातले. चार जमिनीवर उभे राहिले. पाचव्याचा भार दारावर आला. दाराला कुणी विचारले नव्हते.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मराठीच वाटावा. तो आला वेल्समधून. सुरुवातीच्या मोटारींना चाक काढून दुसरे लावण्याची सोयच नव्हती. हवा गेली की भर रस्त्यात धुळीत बसून टायर उचकटायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायची. लानेली या गावात स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली यावर तोड काढली. नुसत्या धावेवर हवा भरलेला टायर. ना आरे, ना तुंबा. बसलेल्या चाकाला तो बाजूने आवळून बांधायचा आणि घर गाठायचे. रस्त्याचे नाव कंपनीला मिळाले, कंपनीचे चाकाला. ते चाक केव्हाच इतिहासजमा झाले. नाव मात्र आपल्याकडे राहिले, आणि तिकडे ब्राझीलमध्ये 'एस्तेपे' होऊन राहिले. (या शब्दाला आपल्याकडे आणखी एक चावट अर्थ चिकटला आहे. तो रविवारच्या पुरवणीत नको.)

हे जादा चाक ठेवायचे कुठे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांत नीट सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची पाठ सपाट होती, तिला मागे दार नव्हते. पाठीवर एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा डबा. १९४५ साली तीच जीप शेतकऱ्यांच्या कामासाठी म्हणून नागरी रूपात आली. सामान चढवायला मागे फाळका दिला आणि चाकाची जागा गेली. ते उजव्या कुशीला लटकले. काही लँडरोव्हर गाड्यांनी ते बॉनेटवर घेतले. गाडीच्या पोटाखाली ठेवले तर दगडांना घासते, चिखलाने माखते आणि काढायला माणसाला रस्त्यावर उताणे पडावे लागते. आत ठेवले तर सामानाची नाहीतर माणसांची जागा खाते. मग उरले मागचे दार. १९८५ च्या अखेरीस आलेली मारुती जिप्सी, १९९१ ची टाटा सिएरा, १९९८ ची सफारी, सगळ्यांनी ते दारावर घेतले. सोय खरीच आहे. पंक्चर झाले तर बॅगा उपसाव्या लागत नाहीत, उभ्या उभ्या चाक निघते. शिवाय ऐट! पाठीवर चाक असले की गाडी नुसती भाजी आणायला निघाली तरी हिमालयात निघाल्यासारखी दिसते.

या सोयीची किंमत दार देते. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने मला ती फार छान समजावली. "साहेब, घराच्या दाराला मधोमध अर्धं पोतं गहू टांगा. मग ते घर रोज खड्ड्यातून पळवा." रिमसकट असे चाक सहज पंचवीस-तीस किलोंचे भरते. दार बंद असेपर्यंत कडी आणि रबरी टेकू थोडा भार वाटून घेतात. उघडले की सगळा भार बिजागऱ्यांवर. वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते, आणि दाराचे मोकळे टोक केसाकेसाने खाली उतरते. कडीचे तोंड चुकते. मग दार खडखडू लागते, आणि ज्या पत्र्यावर चाकाचे बोल्ट आहेत त्याला बारीक चिरा जातात. खड्ड्यात गाडी आदळते त्या क्षणी ते पंचवीस किलो पंचवीस राहत नाहीत, दुप्पटही होतात. गाडी मागे घेताना खांबाला लागली तर बंपरच्या आधी चाक टेकते आणि ठोका थेट दाराला बसतो. मोठे टायर घालायचेच असतील तर पाचवे चाक दारावरून काढून त्याला चासीतून निघणारा वेगळा फिरता हात करून द्यावा, असे त्याचे मत. चिरंजीवांनी मान डोलावली आणि इंटरनेटवर किमती पाहायला सुरुवात केली.

मला मात्र त्या दाराखाली हात घातला की दुसरेच एक चाक आठवते.

१९९१ साली मी पाटण तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. आमच्या बँकेने त्या भागात जीपसाठी कर्जे दिली होती. गावाला एसटी दिवसातून दोनदा; बाकी सगळा कारभार वडापचा. आत किती बसतात याला गणती नसायची आणि मागे फाळक्यावर तीन-चार जण लोंबकळत. आता फाळक्यावर चाक असेल तर माणसे उभी राहणार कुठे? एका चाकाच्या जागेत तीन तिकिटे. हा हिशेब मला बँकेच्या कुठल्या प्रशिक्षणवर्गात कुणी शिकवला नव्हता, तो त्या रस्त्यावर कळला. त्यामुळे स्टेपनी एकतर गोठ्यात पडलेली असे, नाहीतर विकलेली.

दर तिमाहीला वाहनांची तपासणी करायची, छापील फॉर्म भरायचा. इंजिन नंबर, चासी नंबर, विमा, टायरची स्थिती आणि शेवटी 'स्टेपनी : आहे / नाही'. तपासणीच्या दिवशी प्रत्येक जीपच्या पाठीवर चाक असायचेच. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आले की ते एकच चाक आहे. रिमला पोपटी रंग, टायरच्या अंगावर कोयरीएवढे ठिगळ. तीन कर्जदार, तीन जीपगाड्या, एक चाक. साहेब ज्या गावाला येणार, त्या गावाला ते आदल्या संध्याकाळी पोचायचे.

मी काही बोललो नाही. हप्ते वेळेवर येत होते. तिघेही कष्टाळू होते, आणि माझे वय तिशीच्या आसपासचे, नुकत्याच दोन कथा छापून आलेल्या. मला त्या चाकात कर्जदार दिसत नव्हता, कथा दिसत होती. मे महिन्यात कऱ्हाडला घरी गेलो तेव्हा मी तो किस्सा जेवताना रंगवून सांगितला. सगळे हसले. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. ते हसले नाहीत. ताक ओतून घेत त्यांनी एवढेच विचारले, "सही कुणाची असते त्या कागदावर?"

त्याच ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी शाखेत फोन आला. अण्णांना दवाखान्यात नेले आहे, असशील तसा निघून ये. शेवटची एसटी गेली होती. पाऊस धो धो. त्या तिघांपैकी एकजण चहाच्या टपरीवर होता, तो लगेच उठला. "चला साहेब, दोन तासांत कऱ्हाड." पैशाची गोष्टही त्याने काढू दिली नाही.

अठरा-वीस किलोमीटर गेलो असू. मागचा डावा टायर फुटला. नुसता पंक्चर नाही, वीतभर फाटला. आम्ही उतरलो. त्याने सीटखालून जॅक काढला, पाना काढला. मी बॅटरी धरून मागे गेलो. फाळका मोकळा.

"स्टेपनी?"

"नाय साहेब. ती सांजच्यालाच दुसऱ्या गाडीवर चढवली."

"आजच?"

तो पान्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "उद्या तिकडं तुमचीच तपासणी हाय न्हवं."

त्याने त्या पावसातही धडपड केली. टायरमध्ये भाताचा पेंढा कोंबून हळूहळू गाडी ओढायची एक युक्ती त्या भागात सगळ्यांना माहीत होती. जवळच्या वस्तीवरून तो दोन पेंढ्या घेऊनही आला. पण टायर इतका फाटला होता की कोंबलेला पेंढा दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास दुधाचा टेम्पो आला, त्यात मी कॅनच्या मध्ये उभा राहून गेलो.

अण्णा रात्री दहापर्यंत बोलत होते, असे आईने सांगितले. माझ्याबद्दल विचारत होते. काय, ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले, पण वाचा गेली होती. नऊ दिवसांनी ते गेले.

तेराव्याला तो जीपवाला आला होता. मागच्या रांगेत बसून जेवला, जाताना माझ्या आईच्या पाया पडला. मी त्याला काय म्हणणार? पुढच्या तपासणीला मी प्रत्येक चाकाला हात लावून पाहिला, आणि तीन जीपगाड्यांना तीन स्टेपन्या मिळाल्या. त्यापायी त्या तिघांचे दोन-दोन हप्ते मागे पडले. तो उशीर वरच्या ऑफिसला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. पुढे मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बँक आहे, कऱ्हाड आहे, पाऊस तर हवा तेवढा आहे. हे चाक कुठेच नाही. त्या रात्री टायर फुटला होता, एवढेच घरात ठाऊक आहे. बाकीचे आमच्या सौ.लाही आज इथेच वाचायला मिळेल.

आता चिरंजीव सूनबाईंना आणि नातवाला घेऊन जूनमध्ये स्पितीला निघाले आहेत. परवा मी विचारले, "स्टेपनीत हवा किती आहे?" त्याने गाडी चालू करून समोरचा पडदा दाखवला. चारही चाकांची हवा आकड्यांत दिसत होती. "पाचव्याची?" "पाचव्याला सेन्सर नसतो, बाबा. पण ते नवीनच आहे की." हल्ली काही गाड्यांना पाचवे चाकच मिळत नाही. टायर ट्यूबलेस असेल, दुरुस्तीचा संच असेल आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियम-दुरुस्तीने लहान प्रवासी गाड्यांना दिली आहे. खिळा गेला तर तो संच पुरतो. वीतभर फाटलेल्या टायरला कोणता संच लावणार, ते मला सांगता येणार नाही.

"कव्हर काढ," मी म्हणालो.

काळे रेक्झिनचे कव्हर. उन्हापासून टायर वाचवते, आणि आतले सगळे झाकतेही. नातवाने बॅटरी धरली. टायरच्या अंगावर एक चार आकड्यांची खूण असते. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, पुढचे दोन साल. ३१२४, त्याने वाचले. म्हणजे २०२४ चा एकतिसावा आठवडा. टायर खरेच नवा होता, चिरा नव्हत्या. मी खिशातले दाबमापक लावले. चौदा. बाकीच्या चारांत तीसच्या वर. दुकानात रिमवर बसवताना नावापुरती हवा भरली असेल आणि वर कव्हर चढवले असेल. त्यानंतर पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्याने चार चाके पाहून पाठ फिरवली आणि आमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली नाही.

चिरंजीव काही बोलले नाहीत. वर जाऊन गाडीची किल्ली घेऊन आले आणि तसेच पंपावर गेले. फिरत्या हाताचे मापही गॅरेजवाल्याने त्याच दिवशी घेतले. गुरुवारी देतो म्हणाला आहे. तोवर दार उचलूनच लावतो आहोत; नातवाला आता ते कुठे धरायचे, हे बरोबर कळले आहे.