तरंगत्या बर्फाचा हिशेब वेगळा

हिमालयातल्या हिमरेषेवर आज लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. उत्तर ध्रुवाच्या गेल्या खेपेच्या आकड्यांवर रायगडच्या खारेपाटातल्या एका वाचकाने घेतलेली हरकत इतकी रास्त आहे, की दोन ओळींत तिची बोळवण करणे बरे नव्हे. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्या 1979 साली. त्या सुमारास सप्टेंबरात ध्रुवसमुद्रावर सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. 2012 मध्ये तो 34 लाखांवर आला. वाचकाचे म्हणणे असे, की पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून पेला ओसंडत नाही. मग तिकडचा निम्मा बर्फ गेला, तरी धरमतर खाडीकाठच्या आमच्या बांध-बंदिस्तीला त्याचे काय?

पदार्थविज्ञान वाचकाच्या बाजूने आहे. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. विरघळल्यावर त्याचे पाणी जवळपास तेवढीच जागा घेते. खारे पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणून किंचित वाढ होते, पण ती बांधाच्या हिशेबात धरण्याजोगी नाही. तेव्हा तरंगता बर्फ नकाशावर किती आक्रसला यावरून समुद्र किती चढला हे काढता येत नाही. पण त्यामुळे तरंगता बर्फ निरुपद्रवी ठरतो, हे मला मान्य नाही. बर्फावर पडलेले बहुतेक ऊन परत फिरते, उघड्या काळ्या पाण्यात मात्र ते जवळजवळ सगळे मुरते. म्हणजे बर्फ हटला की तापण्याचा वेग तिथेच वाढतो. दुसरे कारण दक्षिणेकडे दिसले. 2002 च्या सुरुवातीला अंटार्क्टिकातल्या लार्सन-बी या तरंगत्या हिमपटाचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा भाग, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मा, काही आठवड्यांत तुकडे होऊन वाहून गेला. त्याने स्वतः समुद्र चढवला नाही. पण त्याच्या मागे अडून राहिलेल्या, जमिनीवरच्या हिमनद्यांचा वेग पुढच्या काळात कैक पटींनी वाढला, आणि त्यांनी समुद्रात लोटलेला बर्फ मात्र नव्याने भर घालणारा होता. (तरंगत्या बर्फाचा भरवसा नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. 1983-84 मध्ये भारताने दक्षिण गंगोत्री हे ठाणे अशाच हिमपटावर उभारले. ते बर्फाखाली गाडले गेले आणि 1989 चे मैत्री हे पुढचे ठाणे उघड्या खडकावर बांधले गेले.)

म्हणून खारेपाटाने नजर ठेवायची ती जमिनीवरच्या बर्फावर. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगाचा समुद्र सुमारे 7 मीटर चढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर 58 मीटरांच्या आसपास. उलट हिमालयासकट जगातल्या सगळ्या डोंगरी हिमनद्या मिळून मीटरचा एक तृतीयांशही भरत नाहीत. हिमालयाची चिंता गंगा-सिंधूच्या काठाने करावी. कोकणच्या भरतीचा प्रश्न मुख्यतः ध्रुवांकडचा आहे. इतक्या लांबचा बर्फ आपल्याला काय करणार, असे वाटेल, तर इथे गुरुत्वाकर्षण उलटा न्याय करते. बर्फाचा प्रचंड ढीग आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. वुडवर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1888 मध्येच याचे गणित मांडले होते. ढीग झिजला की ओढ सैलावते, ग्रीनलंडच्या किनाऱ्याला पाणी उतरते आणि दूरच्या उष्ण कटिबंधात ते सरासरीपेक्षा थोडे अधिक चढते. दोन्ही ध्रुवांपासून लांब असणे ही आपली सुरक्षितता नव्हे.

आता शेवटची शंका. 1901 ते 2018 या काळात जगाचा समुद्र सरासरी 20 सेंटिमीटर चढला, आणि 1971 नंतरच्या वाढीतला निम्मा वाटा बर्फाचा नाहीच, तो तापून फुगलेल्या पाण्याचा आहे. पावसाळी उधाणाला जिथे पाणी ओहोटीपेक्षा चार मीटरांहून वर येते, तिथे वीतभर वाढीला कोण विचारतो? विचारतो तो बांध. रोजच्या भरतीने तो पडत नाही. वर्षातल्या मोजक्या मोठ्या उधाणांना, वारा आणि पाऊस साथीला असताना, पाणी माथ्याशी येते तेव्हा त्या वितीवर सगळे ठरते. शिवाय बांधातल्या उघाडीचा विचार करा. शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायला ती ओहोटीलाच उघडते. बाहेरची पातळी चढली की उघडे राहण्याचा वेळ घटतो आणि भात अधिक काळ पाण्यात उभे राहते. मात्र बांधाला पडलेल्या प्रत्येक खांडीचे खापर ग्रीनलंडवर फोडणे ही पळवाट आहे. डागडुजी न झालेला बांध समुद्र तसूभर न चढताही फुटतो. खाऱ्या पाण्याने एकदा नापीक झालेले शेत पुन्हा पिकते व्हायला अनेक पावसाळे जातात, मग बांध फुटण्याचे कारण कोणतेही असो.

महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदाही योगायोगाने 1979 चाच. त्यानंतर समुद्र आणि बर्फ दोन्ही बदलले आहेत. तेव्हा यापुढे नवी बंदिस्ती होईल तिथे उधाणाची जुनी खूण न धरता आजची पातळी आणि पुढच्या 50 वर्षांची वाढ धरूनच माथ्याची उंची ठरवा, अशी मागणी खारेपाटातल्या ग्रामसभांनी ठराव करून लावून धरावी. हिमरेषा पुढच्या आठवड्यात नक्की.