जंप, झेप आणि आजीचा झंपर

लांब उडीचा खड्डा खणला, की सोलापूरच्या शाळेच्या मैदानावर एकाच वेळी चार भाषा ऐकू येतात. एक जण ओरडतो, 'मार उडी!' घरी कानडी बोलणारा म्हणतो, 'जिगी!' तेलुगू बोलणारी म्हणते, 'एगुरु!' आणि 'जंप, जंप!' तर सगळेच ओरडतात. आज या पाहुण्या जंपचीच चौकशी करू या.

त्याआधी एक गंमत बघा. आपल्या मराठीत चिमणी उडते आणि बेडूक उडी मारतो, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. कानडीत 'हारु' म्हणजे उडणे आणि उडी मारणेही. तेलुगूतल्या 'एगुरु'चंही तसंच. इंग्रजीने मात्र चिमणीला 'फ्लाय' दिलं आणि बेडकाला 'जंप'.

हा जंप वयाने तसा लहानच. इंग्रजी लिखाणात तो दिसू लागला साधारण १५०० सालानंतर. त्याआधी शेकडो वर्षं इंग्रज लोक 'लीप' म्हणत. मग जंप आला कुठून? उडी मारून जमिनीवर आदळताना जो आवाज होतो, त्यावरून तो बनला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. आपलं 'धपकन' नाही का, तसंच! शेक्सपिअरने तर 'हॅम्लेट' नाटकात हा शब्द 'नेमके, बरोबर' या अर्थाने वापरलाय. आता तो अर्थ मागे पडला. आता भाव जंप घेतात, आणि सिग्नल तोडणाऱ्याने तो 'जंप' केलेला असतो. आपण म्हणतो भावाने उसळी घेतली. मला विचाराल तर उसळीच जास्त ठसकेबाज!

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "पण संस्कृतात 'झम्प' म्हणजे उडी! माकडाला 'झम्पाक' म्हणतात. म्हणजे जंप आपल्याकडूनच गेला!" झम्प हा शब्द खरा आहे. वाघाची झेप त्याच्यातूनच आली. पण थांबा. दोन माणसं सारखी दिसली म्हणून ती भाऊ ठरतात का? शब्दांचं नातं ठरवायला चेहरा पुरत नाही, कुळाची खूण लागते. संस्कृत 'पितृ' आणि इंग्रजी 'फादर', संस्कृत 'पाद' आणि इंग्रजी 'फूट' बघा. आपल्या 'प'च्या जागी तिकडे 'फ' येतो, आणि तोही एकदाच नाही, पुन्हापुन्हा. जंपमध्ये 'प' जसाच्या तसा आहे! शिवाय तो इतक्या जुन्या नात्याचा असता, तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कुठेतरी सापडला असता. सापडत नाही. झम्पही बहुधा आवाजावरूनच बनला असावा; संस्कृतात 'झ'ने सुरू होणारे कितीतरी शब्द असेच आहेत, 'झणत्कार' घ्या. दोन देशांतल्या माणसांनी एकाच धपक्याची दोन वेगळी नावं ठेवली आणि ती जुळली, एवढंच. आपल्या भाषेचा मोठेपणा सिद्ध करायला खोटं नातं कशाला जोडायचं?

खरी नाती कधीकधी भलत्याच ठिकाणी असतात. आजीला विचारा, ब्लाउजला त्या काय म्हणायच्या? पुष्कळ घरांत उत्तर येईल, झंपर. इरकली लुगडं आणि खणाचा झंपर! हा झंपर म्हणजे इंग्रजी 'जंपर', इंग्रजांच्या काळात आपल्या शिंप्यांकडे आलेला. जंपर म्हणजे उड्या मारणारा, मग आजी उड्या मारायच्या का? मुळीच नाही! हा जंप वेगळा. सतराव्या शतकात इंग्लंडात आखूड कोटाला 'जंप' म्हणत. तो शब्द फ्रेंच 'ज्युप'मधून आणि ज्युप अरबी 'जुब्बा'मधून आला असावा, असा जाणकारांचा कल आहे. आणि त्याच जुब्ब्यापासून आपला झब्बाही आला. म्हणजे आजोबांचा झब्बा आणि आजीचा झंपर लांबचे नातेवाईक निघाले म्हणायचे!

राहिला तो जुना लीप. त्याचा जर्मन भाऊ 'लाउफन', पण जर्मनीत त्याचा अर्थ धावणे. आपल्याकडे लीप येऊन बसलाय कॅलेंडरात. लीप वर्षात उडी कोण मारतं? वार! १५ ऑगस्ट २०२२ ला सोमवार होता, २०२३ ला मंगळवार. दर वर्षी एक वार पुढे. मग २०२४ ला बुधवार हवा होता, पण मध्ये २९ फेब्रुवारी आली आणि १५ ऑगस्टने बुधवार ओलांडून थेट गुरुवार गाठला.

तुमच्या वाढदिवसाचं गणित आता तुम्हीच करून बघा. पुढचं लीप वर्ष २०२८. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी जरा जपून! तुमचा वार उडी मारेल तो एक वर्ष उशिरा, २०२९ मध्ये. असं का, ते कॅलेंडर समोर ठेवून आई-बाबांना समजावून सांगा.