हात दुखतो? वल्हवण्याची रीत तपासा
'स्टँड-अप पॅडलबोर्डिंग' करणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

नाशिक, प्रतिनिधी

रुंद फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने पाणी कापत जाण्याचा 'स्टँड-अप पॅडलबोर्डिंग' हा जलक्रीडाप्रकार गोव्याच्या सहलीत आता अनेक जण हौसेने अनुभवतात. काठावरून पाहणाऱ्याला तो अगदी सोपा वाटतो. मात्र, तासभर वल्हवून आल्यावर दुसऱ्या दिवशी खांदा भरून येतो, कोपर ठणकते आणि चहाचा कप उचलतानाही कळ येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या खेळातील दुखापतींपैकी सुमारे एकतृतीयांश दुखापती खांदा व दंडाच्या आढळल्या. त्याखालोखाल कंबर आणि कोपर व त्याखालील हाताचा क्रमांक होता. यातील बराचसा त्रास टाळता येतो. त्यासाठी वल्हवण्याचा जोर शरीरात नेमका कुठून यायला हवा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जोर कुठून येतो?

वल्ह्याशी नाशिक जिल्ह्याचे नाते जुळले ते दत्तू भोकनळ यांच्यामुळे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावात विहिरी खोदण्याची कामे केलेल्या दत्तू यांनी सैन्यात दाखल झाल्यावर वल्हे हाती धरले. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली ते तेराव्या क्रमांकावर राहिले, तर २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. त्यांचा नौकानयन हा प्रकार बसून वल्हवण्याचा, पॅडलबोर्ड उभ्याने चालवण्याचा. परंतु दोहोंचे सूत्र एकच आहे. नौकानयनात पहिला रेटा पायांचा असतो, मग पाठीचा आणि शेवटी हातांचा. फळीवरही पाय, कंबर आणि धड यांचा जोर हातांवाटे वल्ह्यापर्यंत पोहोचायला हवा. नवशिका मात्र केवळ दंडाच्या बळावर पाणी ओढतो. मोठ्या स्नायूंचे काम लहान स्नायूंवर येते आणि वेदना सुरू होतात.

कोपराच्या बाहेरील बाजूस, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचे कंडरे हाडाला जोडलेले असतात. वल्हे आवळून धरल्यास त्यांच्यावर सतत ताण येतो. 'टेनिस एल्बो' हा त्रास तो हाच. तो होण्यासाठी रॅकेट हाती धरलेली असण्याची गरज नाही. आठवडाभर संगणकाचा माऊस आणि दुचाकीचा क्लच हाताळणाऱ्यांचे हे स्नायू आधीच थकलेले असतात. रविवारी त्यांच्यावर वल्ह्याचा भार पडतो.

त्रास टळावा म्हणून

* वल्हे आपल्या उंचीपेक्षा साधारण १५ ते २५ सेंटिमीटर उंच असावे. फार लांब वल्ह्यामुळे वरचा हात सतत डोक्याच्या वर जातो आणि खांद्यावर ताण येतो.
* पात्याचा कल फळीच्या पुढील टोकाकडे असावा. नवशिके ते हमखास उलटे धरतात.
* गुडघे किंचित वाकवून उभे राहावे. कमरेतून पुढे झुकून पाते पूर्ण बुडवावे आणि पावलांपाशी येताच बाहेर काढावे. पाते पावलांच्या मागे ओढत नेल्यास खांद्याला पीळ पडतो.
* मूठ सैल असावी. दर आठ-दहा वल्ह्यांनंतर बाजू बदलावी.
* आरंभी २० ते ३० मिनिटे पुरेत. जाताना वारा पाठीशी असेल, तर परतताना तो समोरून येणार, हे ध्यानी ठेवून शक्ती राखावी.
* तोल गेल्यास फळीवर हात टेकून सावरण्याऐवजी फळीपासून दूर, पाण्यात पडावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटे खांदे, मनगटे व कंबर हलवून शरीर गरम करावे. सुरक्षा जॅकेट मात्र प्रत्येक वेळी हवेच.

दुखू लागल्यास

स्नायू नुसतेच भरून आले असतील, तर दोन-तीन दिवसांत आराम पडतो. या काळात वल्हवणे थांबवावे, मात्र हात गळ्यात बांधून ठेवू नये. हलक्या हालचाली चालू ठेवाव्यात. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे लावल्यास वेदना कमी होतात. दुखऱ्या जागी तेल लावून जोरात रगडणे टाळावे. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा पाण्यात उतरणे तर सर्वांत घातक. दुखणे दबते आणि इजा वाढते. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा रक्तदाब असलेल्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

कोपराचे दुखणे रेंगाळल्यास सोपा व्यायाम उपयोगी पडतो. हात टेबलावर टेकवून तळवा खाली ठेवावा व मनगट कडेबाहेर येऊ द्यावे. अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार काढून सावकाश खाली आणावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वाढलेली जाणवल्यास भार कमी करावा. कंडरे बरे व्हायला काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. तेथे घाई कामाची नाही.

पडल्यानंतर हात वर उचलता न येणे, सांध्याचा आकार बदलणे, बोटांना मुंग्या किंवा बधिरता येणे, अथवा दोन-तीन आठवड्यांनंतरही दुखणे न थांबणे, ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्याची लक्षणे होत. हातदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप लागत असेल, तर ते वल्हवण्याचे दुखणे समजून अंगावर काढू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.