महाड : तळे, लेणी आणि गड
दोन दिवसांची कुटुंबाची सहल

सुट्टी लागली की आपल्या चाळीतून कुणी गावाला जातात, कुणी शिर्डी-महाबळेश्वरचे बुकिंग करतात. परदेशच्या सहलींच्या जाहिराती वर्तमानपत्रात रोज येतात. तिकडे युरोपात एखाद्या टेकडीवर जुना किल्ला असतो, पायथ्याशी छोटेसे गाव असते आणि ते पाहायला लोक सातासमुद्रापलीकडून पोराबाळांसह जातात. पाहणे वाईट नाही. प्रवासाने माणूस शहाणा होतो. परंतु आपल्या परळ-लालबागपासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर, गडाच्या छायेत वसलेले आपलेही एक गाव आहे. तेथे तळे आहे, लेणी आहेत, गड आहे. त्या गावाचे नाव महाड.

वाचक बंधू-भगिनी म्हणतील, महाड आम्हाला नवे का आहे? दर २० मार्चला आम्ही जातोच. खरे आहे. पण कसे जातो? रात्री ट्रक किंवा बसने निघायचे, पहाटे पोहोचायचे, रांगेत उभे राहून अभिवादन करायचे, पुस्तकांचे-कॅसेटचे स्टॉल पाहायचे आणि रात्री परत. त्या दिवशी जायलाच हवे, तो आपला क्रांतिदिन आहे. मात्र गर्दीत लहान मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईला तळ्याची पायरीसुद्धा धड दिसत नाही, मग ती मुलाला समजावून काय सांगणार? दुसरीकडे रायगड पाहायला येणारे हजारो लोक याच महाडच्या स्टँडवर उतरतात आणि तळे न पाहता पुढे जातात. एकाच गावात दोन गर्द्या येतात आणि एकमेकींना भेटत नाहीत.

बाबासाहेबांनी मात्र तसे केले नव्हते. डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर त्यांनी जवळची बौद्धकालीन लेणी पाहिली आणि नंतर ते रायगडावर गेले, असे धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. आपल्या सहलीचा नकाशा हाच असू द्या. आधी तळे, मग लेणी, मग गड.

जावे कसे?

परळ, दादर किंवा मुंबई सेंट्रलहून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणकडे जाणारी एसटी पकडावी. पहाटेची गाडी धरली की दुपारच्या जेवणाआधी महाड येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ज्येष्ठांनाही सवलत आहे, म्हणून आजीचे आधार कार्ड घरी विसरू नका. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेचे वीर हे जवळचे स्टेशन. तेथे सर्व गाड्या थांबत नाहीत, आधी चौकशी करावी.

एका कुटुंबाला खर्च जड जातो. चार-पाच कुटुंबांनी किंवा महिला मंडळाने मिळून दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवली तर वर्षाने सहल अंगावर येत नाही. वही एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे ठेवावेत, म्हणजे शेवटी भांडण नको. राहायला महाडात लॉज आहेत. शिवाय आपल्या विभागातल्या बौद्धजन पंचायतीच्या शाखेत महाड तालुक्याचा कुणी ना कुणी असतोच, त्याच्याशी आधी बोलून ठेवावे. सोबत तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी असली की पहिल्या दिवसाचे जेवण भागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात ऊन फार. भर पावसात मुले घेऊन जाऊ नये. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या मिठीत हे गाव आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले आणि याच तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून कितीतरी संसार गाडले गेले, हे विसरू नये.

वाटेवरचे दासगाव

महाड यायच्या थोडे आधी दासगाव लागते. मुलांना झोपेतून जागे करा आणि खिडकीबाहेर दाखवा. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि मुंबईचे सत्याग्रही ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, खाडीमार्गे दासगावच्या बंदरावर उतरले आणि तेथून पाच मैल पायी महाडला गेले. त्या काळी बाबासाहेब परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम परळच्याच दामोदर हॉलमधून चाले. म्हणजे ही वाट आपल्याच गल्लीतून सुरू झालेली आहे.

चवदार तळे

महाडला पोहोचल्यावर हातपाय धुऊन आधी तळ्यावर जा. घाई करू नका. पायऱ्यांवर बसा आणि मुलांना क्रमाने सांगा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. दादरला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे तेच हे बोले. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळाले नाही. गुरेढोरे त्या तळ्यावर पीत होती, आपल्या माणसाला मनाई होती. याच तालुक्यातले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी धडपड केली. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला हजारो लोक शिस्तीने चालत तळ्यावर आले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, मागोमाग सर्वांनी घेतले.

लगेच गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. अनेकांना मुसलमान बांधवांनी घरात आसरा दिला. आपल्याकडेही सैन्यात राहून आलेले, हात शिवशिवणारे लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हा भाग मुलांना जरूर सांगा. मार खाणे हा भित्रेपणा नव्हता, ती शिस्त होती. नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले.

मुले विचारतील, मग पुढे काय झाले? पुढे कोर्ट झाले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई आणली. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. कायदा हातात न घेता त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती मिरवणूक काढली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! आणि हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांसाठी पाण्याचे वेगळे नळ असत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते बंद झाले. महाडचा संगर त्याच्या ३७ वर्षे आधीचा आहे.

क्रांतिस्तंभ आणि स्मारक

तळ्यावरून क्रांतिस्तंभाकडे जा. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हते. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते आणि अनुमोदन देणारे पां. ना. राजभोज होते. आपला लढा माणसांविरुद्ध नव्हता, ग्रंथातल्या विषमतेविरुद्ध होता, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

भगिनींनी येथे आणखी एक आठवण काढावी. याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले. लुगडे नीट नेसा, जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तिथल्या तिथे पुष्कळ बायांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. आज आपल्या घरातली मुलगी नर्स आहे, शिक्षिका आहे, बँकेत आहे, तिची सुरुवात येथून झाली. गावातच बाबासाहेबांचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेही पाहून घ्यावे.

गांधारपाले लेणी

दुपारची उन्हे कलली की लेण्यांकडे निघावे. महाडपासून दोन-तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच डोंगरात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. रस्त्यापासून पायऱ्या आहेत. म्हातारी माणसे बसत-उठत चढू शकतात. अठ्ठावीसच्या आसपास लेणी आहेत. भिक्खूंच्या निवासाच्या ओवऱ्या, दगडी बाके, भिंतीतले स्तूप आणि मोठ्या लेण्यात बसलेल्या बुद्धाची मूर्ती. वरून सावित्री-गांधारीचे खोरे आणि सारे महाड दिसते.

येथे ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. एकात विष्णुपालित नावाच्या कुमाराचे दान नोंदलेले आहे. लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन बाजूंना पाण्याच्या दोन पोढ्या आणि लेण्याकडे येणारी वाट. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच गावाच्या वेशीवर पाण्याचे टाके खोदून देणे हे पुण्यकर्म मानले जात होते आणि ते दगडावर कोरून ठेवावे इतके मोलाचे वाटत होते. त्याच गावात १९२७ साली पाण्याला हात लावला म्हणून डोकी फुटली. तळे पाहून मग लेणी पाहा असे मी म्हणतो ते याचसाठी. धम्म काय होता आणि तो गेल्यावर काय उरले, हे भाषणाशिवाय कळते.

कीरांनी नोंदवले आहे की लेण्यातल्या दगडी आसनांवर सोबत्यांना सहज बसू दिले नाही असे बाबासाहेब होते. कदाचित येथे पवित्र भिक्खू बसले असतील, म्हणून थट्टामस्करीने बसू नका, असे त्यांनी सांगितले. धर्मांतराला तेव्हा अजून २९ वर्षे होती. आपण त्यानंतरचे लोक. म्हणून लेण्यात डबे उघडू नयेत, कागद टाकू नयेत आणि भिंतीवर नाव किंवा ‘जयभीम’सुद्धा लिहू नये. जयभीम तोंडाने म्हणावे, बुद्धाच्या भिंतीवर रंगाने नव्हे. शांत बसून त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि उजेड असताना खाली यावे.

दुसरा दिवस : रायगड

महाड स्टँडवरून सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे. सुमारे २५ किलोमीटरचे अंतर. वाटेत पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष आहेत, तेथे थांबावे. गडाची उंची ८२० मीटर. तरुणांनी पायऱ्यांनी चढावे, आजी-आजोबांनी हिरकणीवाडीहून रोपवेने जावे. सुट्टीच्या दिवशी रोपवेला रांग असते. ६ जूनच्या आसपास तर मुंगीला जागा नसते.

वर महादरवाजा, हत्ती तलाव, गंगासागर, मनोरे, नगारखाना, राजसभा, दुतर्फा दुकानांच्या जोत्यांची बाजारपेठ, टकमक टोक, हिरकणी बुरूज, जगदीश्वराचे देऊळ आणि त्यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची समाधी. हे सारे नीट पाहायला चार तास हवेत. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी गड जळाला, म्हणून आज जोतीच जास्त दिसतात.

६ जून १६७४ ला येथे राज्याभिषेक झाला. ज्याने स्वतःच्या हिमतीने राज्य उभे केले त्यालाही तुझा वर्ण कोणता असे विचारले गेले आणि काशीहून गागाभट्टांना आणावे लागले. खालच्या तळ्यावरचा प्रश्न आणि वरच्या सिंहासनावरचा प्रश्न एकाच मुळाचा होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला तो रयतेचा राजा म्हणून. गड परका मानू नका. तो आपलाही आहे.

वेळ उरला तर महाडजवळ सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. तिसरा दिवस काढता आला तर मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी जावे.

घरी आल्यावर

सहल फोटोत संपू देऊ नका. निघण्यापूर्वीच प्रत्येक मुलाला एकेक विषय वाटून द्या. एकाला तळे, एकीला शिलालेख, एकाला दासगावची वाट, एकीला रायगड. आल्यानंतरच्या रविवारी विहारात वंदना झाली की त्या मुलाला पाच मिनिटे उभे करून बोलू द्या. महाडला चालत गेलेली पिढी आता आपल्यात नाही. २० मार्च २०२७ ही सत्याग्रहाच्या शताब्दीची तारीख आहे. आता सांगायचे काम आपल्या मुलांचे आहे, आणि ज्याने पायरी पाहिली आहे तोच ते नीट सांगू शकेल.

जयभीम!