माथेरान : गारवा आणि घाम

मुंबईहून लोकलने दोनेक तासांत नेरळ येतं आणि समोर माथेरानचा डोंगर उभा असतो. माथ्यावरचं रान ते माथेरान, असा या नावाचा अर्थ सांगतात. धनगर, ठाकूर, कातकरी यांच्या पायांना ही रानवाट पूर्वीपासूनच ठाऊक होती. इतिहासात मात्र माथेरानच्या शोधाचं श्रेय ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना मिळालं. ते १८५० च्या मे महिन्यात डोंगर चढून आले. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं आणि साहेबांच्या पाठोपाठ पारशी, बोहरी धनिकांचेही बंगले झाडीत उभे राहिले.

वर जाणं सोपं केलं ते पीरभॉय पितापुत्रांनी. सर आदमजींनी पैसा घातला, अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावू लागली. वीसेक किलोमीटरचा हा वळणावळणांचा मार्ग २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेला, पण २००७ साली गाडी पुन्हा सुरू झाली.

मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. म्हणून इथे आजही पाखरांचे आवाज ऐकू येतात. पण या शांततेचं ओझं कोणी वाहिलं? लाल मातीच्या चढावर एक माणूस हातरिक्षा ओढतो, मागून दोघे ढकलतात. आत बसलेला पाहुणा हवा छान आहे म्हणतो आणि ओढणाऱ्याला धाप लागलेली असते.

डिसेंबर २०२२ मध्ये इथे प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. झाडं राखायची आणि माणूसही राखायचा, ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, हेच यातून घ्यायचं.

याच माथेरानात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले. त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. माथेरानला जाल तेव्हा सूर्यास्त जरूर पाहा. पाय धड असतील तर चालत फिरा. आणि सामान उचलणाऱ्या हमालाशी घासाघीस करण्याआधी तो चढ एकदा रिकाम्या हातांनी चढून बघा.