नाव ठेवण्याचा अधिकार

इ.स. 1963 मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या गॅड्सडेन शहरी, न्यायालयात साक्षीसाठी उभ्या राहिलेल्या मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे साफ नाकारले. कारण तो वकील तिला ‘मिस हॅमिल्टन’ असे न संबोधता, दक्षिणेकडील गोऱ्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, नुसते ‘मेरी’ म्हणून हाक मारीत होता. न्यायाधीशांनी फर्मावूनही ती बधली नाही, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावण्यात आला. आणि ही शिक्षा रद्द व्हावी म्हणून तिला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली, जी 1964 साली मिळाली.

1963 च्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेल्या विख्यात भाषणात मात्र ‘नीग्रो’ हा शब्द, जो आज सभ्य माणूस उच्चारीत नाही, तो वारंवार आणि कोणत्याही संकोचाविना आलेला आहे. ज्या काळी एका स्त्रीने केवळ संबोधनासाठी तुरुंग पत्करला, त्याच काळी तिच्या समाजाचा सर्वश्रेष्ठ वक्ता हा शब्द स्वाभिमानाने वापरीत होता, ही विसंगती वाटेल. पण ती विसंगती नव्हे. शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या अक्षरांत नसते. तो कोणी कोणासाठी योजला, आणि ज्याच्यासाठी योजला त्याची त्यास संमती होती काय, यावर ती अवलंबून असते.

ही संमती विचारण्याची गरज अमेरिकन सरकारला प्रदीर्घ काळ वाटली नाही. 1890 च्या शिरगणतीत प्रगणकांना असा हुकूम होता की, तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कृष्णवर्णीय रक्त असलेल्यास ‘ब्लॅक’, साधारण निम्मे असलेल्यास ‘मुलॅटो’, एक चतुर्थांश असलेल्यास ‘क्वाड्रून’ आणि एक अष्टमांश किंवा त्याहूनही अल्प अंश असलेल्यास ‘ऑक्टोरून’ असे नोंदवावे. दारात उभ्या राहिलेल्या कारकुनाने नजरेच्या अंदाजाने समोरच्या माणसाच्या पणजोबांचा हिशेब करावा आणि तो सरकारी दफ्तरात कायमचा दाखल व्हावा, यापरता मानहानीचा प्रकार कल्पिणे कठीण आहे.

इकडे त्या समाजातील सुशिक्षितांनी प्रथम ‘कलर्ड’ हा सौम्य शब्द जवळ केला, आणि 1909 साली स्थापन झालेल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या नावात तो आजतागायत टिकून आहे. पुढे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस प्रभृती विचारवंतांनी ‘नीग्रो’ या शब्दाचा पुरस्कार केला; पण तो मोठ्या आद्याक्षराने छापला जावा, असा त्यांचा आग्रह होता. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे या मागणीचे मर्म आपल्या ध्यानी सहजी येत नाही. इंग्रजीत राष्ट्राचे वा लोकसमूहाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते, वस्तूचे लहान. आणि लहान अक्षराने लिहिलेला माणूस वस्तूंच्या पंक्तीत बसतो. 1930 च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही मागणी मान्य केली. 1928 साली एका शाळकरी मुलाने डू बॉइस यांना पत्र लिहून ‘नीग्रो’ नावाबद्दल तक्रार केली असता, नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. त्या थोर माणसाबद्दल पूर्ण आदर राखूनही मला वाटते की, पुढील काळाने त्या मुलाची बाजू अधिक खरी ठरविली.

कारण 1966 च्या जूनमध्ये मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे तरुण कृष्णवर्णीय नेते स्टोकली कारमायकेल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली, आणि जो ‘ब्लॅक’ शब्द तोवर त्या समाजातही शिवीसमान मानला जाई तोच तरुणांनी अभिमानाने शिरोधार्य मानला. 1970 मध्ये ‘नीग्रो डायजेस्ट’ हे मासिक ‘ब्लॅक वर्ल्ड’ झाले. 1988 मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. सरकार मात्र सावकाश चालले: 2010 च्या शिरगणतीच्या फॉर्मवर ‘नीग्रो’ शिल्लक होताच, आणि संघराज्याच्या कायद्यांतील त्याचे अवशेष 2016 साली ओबामांच्या सहीने गेले.

हा सारा लहरीपणा आहे, असे म्हणणारे इतकेच विसरतात की, प्रत्येक नावामागे त्या समाजाने चढलेली एकेक पायरी आहे. आणि एकच शब्द सर्वत्र एकसारखा मानला जात नाही: दक्षिण आफ्रिकेत ‘कलर्ड’ हे आजही एका मिश्रवंशीय समाजाचे नाव आहे, आणि त्यातील अनेकजण ते स्वतःहून सांगतात.

या इतिहासाशी आपले नाते परके नाही. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरूनच घेतले. शिवाय ‘हबशी’ हा आपला शब्द पाहावा: निजामशाहीत मलिक अंबरसारख्या मुत्सद्द्याचा मूळ देश सांगणारा हा शब्द आज कोणाच्या वर्णाची टवाळी करण्यासाठी योजिला जातो. म्हणून मराठी संपादकांना व अनुवादकांना माझी विनंती आहे की, जुन्या ग्रंथांतील ‘निग्रो’ गुपचूप बदलू नये, तळटीप देऊन तो तसाच ठेवावा. परंतु आपल्या नव्या मजकुरात ‘निग्रो’ आणि ‘हबशी’ हे दोन्ही शब्द टाळून ‘कृष्णवर्णीय’ लिहावे, आणि त्या माणसाने स्वतःचे काही निराळे नाव सांगितले असेल, तर तेच लिहावे.